जीटी, टीएसआय, ॲबार्थ... असल्या स्पोर्टी गाडीत पेट्रोल साधं टाकू, ९५ ऑक्टेनचं टाकू की १००?

आधी डोक्यातून एक गोष्ट काढा, महाग पेट्रोल म्हणजे जास्त ताकदीचं पेट्रोल असं काही नसतं. १०० ऑक्टेनच्या एका लिटरमध्ये साध्यापेक्षा काही भरमसाट एनर्जी भरलेली नसते. ऑक्टेनचा आकडा एवढंच सांगतो की पेट्रोल दाबाखाली आणि उष्णतेत किती वेळ कळ काढतं, म्हणजे स्पार्क पडायच्या आधी किंवा भलत्या कोपऱ्यात आपणहून पेट घेत नाही. हा आकडा काढायला एक खास सिंगल सिलिंडर इंजिन असतं ज्याचा कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं ते, चालू असताना कमीजास्त करता येतो, त्यात आयसो-ऑक्टेनला १०० आणि एन-हेप्टेनला ० धरतात आणि आपलं पेट्रोल या दोघांच्या कुठल्या मिश्रणासारखं वागतं ते बघतात. ९१ वालं पेट्रोल म्हणजे ९१ टक्के आयसो-ऑक्टेन आणि ९ टक्के हेप्टेनच्या मिश्रणासारखं वागणारं. बास, एवढंच.

आता स्पोर्टी गाडीला हे का लागतं? कारण तिथे कॉम्प्रेशन जास्त असतं किंवा टर्बो हवा कोंबत असतो किंवा दोन्ही. हवा दाबली की तापते. त्यात आपल्याकडचा मे महिना, नागपूर-अकोल्याला ४५ डिग्री, म्हणजे आत जाणारी हवाच आधी तापलेली. मग स्पार्क पडून जाळ पसरत असताना कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण एकदम भडकतं, आणि बाहेरून पत्र्याच्या डब्यात खडे खुळखुळावेत तसा आवाज येतो. याला गॅरेजवाले नॉकिंग म्हणतात. अधूनमधून हलकंसं झालं तर फार बिघडत नाही पण रोज जोरात होत राहिलं तर पिस्टन, रिंगा, बेअरिंग सगळ्यावर येतं.

नव्या गाड्यांत हा आवाज तुम्हाला बहुतेक ऐकूच येणार नाही, आणि खरी गंमत इथेच आहे. इंजिनच्या ब्लॉकला नॉक सेन्सर बोल्टने आवळलेला असतो, तो सतत कान लावून बसलेला असतो. नॉक दिसला की ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, त्या सिलिंडरचा स्पार्क दोनचार डिग्री (तापमानाच्या नाही, इंजिनच्या फिरण्याच्या) उशिरा पाडतो, गरज पडली तर टर्बोचा बूस्ट म्हणजे हवेचा दाबही कमी करतो. इंजिन वाचतं, पण तुम्ही पैसे मोजून घेतलेली ताकद तिथे गुपचूप कमी होते आणि ॲव्हरेजही थोडं पडतं. म्हणजे बऱ्याचदा हाय ऑक्टेन टाकल्यावर "गाडी उडायला लागली" असं जे वाटतं ते नवीन काही मिळालेलं नसतं, जे कंपनीने दिलं होतं तेच परत मिळालेलं असतं. आणि ज्या गाडीचं काही कमी झालेलंच नव्हतं तिला परत मिळायला काही नाही, तिथे जो फरक जाणवतो तो बिलाचा.

तर पहिलं काम म्हणजे पंपावर नाही, घरी पार्किंगमध्ये करायचं. पेट्रोलचं झाकण उघडा आणि आतलं स्टिकर वाचा. तिथे आकडा असतो, ९१ नाहीतर ९५ नाहीतर ९८, आणि बऱ्याचदा दोन आकडे. दोन असतील तर सहसा मोठा म्हणजे ज्यावर पूर्ण ताकद मिळते तो आणि छोटा म्हणजे ज्याच्या खाली जायचंच नाही तो. स्टिकर नसेल किंवा उडालं असेल तर मॅन्युअल काढा, त्यात इंधनाचं पान असतंच. पोर्शे ९११ चं उदाहरण घ्या, इंजिन ट्यून केलेलं ९८ साठी, पण ९५ टाकलं तरी चालतं, ईसीयू स्पार्कचं टायमिंग जुळवून घेतो, असं मॅन्युअलमध्येच लिहिलेलं असतं. युरोपातून आलेल्या गाड्यांवर गोलात ई५ किंवा ई१० असंही छापलेलं दिसेल, तो ऑक्टेन नाही, त्यात इथेनॉल जास्तीत जास्त किती टक्के चालेल ते आहे. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

इथे एक खड्डा आहे ज्यात खूप जण पडतात. अमेरिकेतले व्हिडिओ बघून लोक म्हणतात की तिकडे ९१ म्हणजे प्रीमियम आणि आपल्याकडे साधंच ९१ आहे, म्हणजे आपलं साधं त्यांच्या प्रीमियमएवढं. अजिबात नाही. आपल्याकडे आणि युरोपात आकडा रॉन (रिसर्च ऑक्टेन नंबर) पद्धतीचा असतो, अमेरिकेत रॉन आणि मॉन (मोटर ऑक्टेन नंबर) या दोन चाचण्यांची सरासरी लिहितात, म्हणून तिकडचा आकडा चारपाचने लहान दिसतो. त्यांचं साधं ८७ म्हणजे साधारण आपलं ९१-९२, त्यांचं ९१ म्हणजे आपलं ९५-९६ आणि त्यांचं ९३ म्हणजे जवळपास ९८. डॅलस नाहीतर न्यू जर्सीहून आलेला भाऊ "मी तर ९१ च टाकतो" म्हणाला तर तो आपल्या हिशोबात ९५ टाकत असतो. अमेरिकन मॅन्युअल नेटवरून डाऊनलोड करून बघत असाल तर हे रूपांतर आधी करा नाहीतर सगळंच उलटं होईल.

आता आपल्या पंपावर काय मिळतं ते. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-सिक्स पेट्रोल आलं, तेव्हा साध्याचं ऑक्टेन कमीत कमी ९१ ठरलं. त्याच्या वर इंडियन ऑइलचं एक्सपी ९५, हिंदुस्तान पेट्रोलियमचं पॉवर ९५ अशी ९५ वाली, आणि त्याच्याही वर १०० वाली. एक्सपी १०० डिसेंबर २०२० मध्ये निवडक शहरांत आलं, त्यात मुंबई-पुणे होते, दिल्लीत तेव्हा भाव होता १६० रुपये लिटर. पुढे बाकीच्या सरकारी कंपन्यांनीही आपापलं १०० आणलं. पण नावाला भुलू नका. स्पीड, पॉवर, एक्स्ट्रा असली नावं जुन्या काळापासून आहेत आणि त्यातली बरीचशी मुळात साध्याच ऑक्टेनची, फक्त इंजिन साफ ठेवणारं ॲडिटिव्ह घातलेली होती. ॲडिटिव्ह वाईट नाही, इंजेक्टर स्वच्छ राहतात, पण त्याने नॉकिंग थांबत नाही. म्हणून मशीनवर आकडा कुठला लिहिलाय ते बघायचं, आकडा दिसला नाही तर विचारायचं, आणि पोराला माहीत नसेल तर मॅनेजरला विचारायचं, लाजायचं काही कारण नाही, पैसे आपले आहेत.

आणि आता ई-२०, ज्याने हा सगळा हिशोबच हलवून टाकलाय. साध्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉलचं स्वतःचं ऑक्टेन १०८ च्या वर, त्यामुळे मिश्रणाचं वाढतं. ऑगस्ट २०२५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयाने सांगितलं की ई-२० मुळे आपलं पेट्रोल ९५ रॉनपर्यंत पोचलंय. शिवाय इथेनॉल वाफ होताना बरीच उष्णता ओढून घेतं, डायरेक्ट इंजेक्शन (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडणाऱ्या) टर्बोला ते बरंच, आतली हवा थंड होते. म्हणजे नॉकिंगच्या बाबतीत ई-२० ला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण इथेनॉलमध्ये लिटरमागे एनर्जी पेट्रोलच्या दोनतृतीयांशाच्या आसपासच असते, त्यामुळे ॲव्हरेज पडतं. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच लिहिलं होतं की ई-१० साठी ट्यून केलेल्या चारचाकींचं ६ ते ७ टक्के पडेल. आपल्याकडे लोक ॲव्हरेज पडलं की लगेच "पेट्रोल हलकं आलंय, ९५ टाकून बघतो" म्हणतात. बाबांनो, ९५ मध्येही इथेनॉल असतं, ऑक्टेन बदलून ती तूट भरून निघत नाही.

मग माझं मत काय? मंत्रालयाचं म्हणणं एक आणि तुमच्या नॉक सेन्सरचं म्हणणं दुसरं असू शकतं, त्यामुळे आकड्यापेक्षा गाडीला विचारा. कसं विचारायचं ते खाली सांगतो, त्याआधी गाडीगाडीप्रमाणे सुरुवात कुठून करायची ते.

टर्बो नसलेली, कॉम्प्रेशन १० च्या आसपास असलेली गाडी, आणि स्टिकरवर ९१, मग ती दिसायला कितीही स्पोर्टी असू दे, बंपर, स्पॉयलर, डबल एक्झॉस्ट काहीही लावलेलं असू दे, साधं टाका. विषय संपला.

छोट्या टर्बोवाल्या गाड्या हा आपल्या महाराष्ट्राचा खास माल. पोलो जीटी टीएसआय चाकणची, १.५ टीएसआयची व्हर्टस जीटी पण चाकणचीच, आणि ॲबार्थ पुंटो आपल्या रांजणगावची, १४५ पीएस म्हणजे जवळपास तेवढ्याच हॉर्सपॉवरची, १.४ लिटरच्या टी-जेट टर्बो इंजिनची, २०१५ मध्ये आली तेव्हा त्या पैशात एवढी ताकद दुसरं कोणी देत नव्हतं. या जातीच्या गाड्यांवर मी ९५ ला कौल देतो, त्यातही जुन्या, ई-२० च्या आधीच्या गाड्यांवर. कारण असं की हे इंजिन दीड-दोन हजार आरपीएमलाच पूर्ण टॉर्क म्हणजे ओढण्याचा जोर द्यायला लागतं, आणि आपण काय करतो, खंबाटकी घाट चढताना पाचव्या गिअरमध्ये तसंच दाबत राहतो. कमी आरपीएम, जास्त बूस्ट, एसी चालू, चार माणसं आणि सामान. नॉकिंगला याच्याहून चांगलं निमंत्रण नाही. नुसतं शहरात चालवत असाल, सकाळी ऑफिस संध्याकाळी घर, आणि स्टिकर ९१ ला परवानगी देतंय, तर साध्याने काही बिघडणार नाही.

गोल्फ जीटीआय, ऑक्टाव्हिया आरएस, एएमजी, बीएमडब्ल्यूच्या एम वगैरे, इथे ९५ ही खालची पायरी समजा. स्टिकर ९८ म्हणत असेल तर रोजच्याला ९५ आणि घाटात मजा करायला जायचं असेल तेव्हा १०० मिसळून, हे मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. पन्नास-साठ लाखाच्या पुढची गाडी घेऊन लिटरमागे आठ रुपये वाचवणारे लोक बघितलेत मी, त्यांच्याशी वाद घालत नाही.

आणि स्टेज वन, स्टेज टू रिमॅप केलेल्यांनी, म्हणजे ताकद वाढवायला ईसीयूचं प्रोग्रॅमिंग बदलून घेतलेल्यांनी, ट्यूनरला एकच प्रश्न विचारायचा की मॅप कुठल्या पेट्रोलवर केलाय. ९५ वर केलेला मॅप असेल तर खाली जायचं नाही, १०० वर केलेला असेल तर ९५ वरसुद्धा पाय हलका ठेवायचा. तुम्ही जळगावला किंवा लातूरला राहत असाल आणि १०० वालं पेट्रोल तुमच्या जवळपास मिळतच नसेल तर तसा मॅप घेऊच नका, दहावीस हॉर्सपॉवर कमी असलेला पण रोज वापरता येणारा मॅप घ्या.

आता गाडीला विचारायची पद्धत. एक ओबीडी डोंगल घ्या, म्हणजे गाडीच्या तपासणीच्या सॉकेटमध्ये लावलं की इंजिनचे आकडे फोनला पाठवणारं यंत्र, साधं हजार-दीडहजारातलं चालतं, फोनवर ॲप टाका. जे बघायचं ते म्हणजे इग्निशन (स्पार्कचं) टायमिंग, आत येणाऱ्या हवेचं तापमान, आणि तुमच्या गाडीत ॲप दाखवत असेल तर प्रत्येक सिलिंडरचा नॉक रिटार्ड, म्हणजे नॉकमुळे स्पार्क किती डिग्री उशिरा पाडला ते. फोक्सवॅगन-स्कोडावाल्यांना ओबीडीइलेव्हन किंवा व्हीसीडीएस या त्यांच्या खास तपासणी साधनांवर हे सिलिंडरवार व्यवस्थित दिसतं. टाकी जवळपास रिकामी होऊ द्या, साधं भरा, एक टाकी चालवा म्हणजे ईसीयू त्या पेट्रोलला सरावेल. मग मोकळ्या सरळ चढावर, तिसऱ्या गिअरमध्ये, दोन हजार आरपीएमपासून पाय पूर्ण दाबून स्पीड लिमिटच्या आतच सोडा, आणि लॉग सेव्ह करा. दोनतीनदा. शेजारी कोणीतरी बसवा, स्वतः चालवताना फोनकडे बघायचं नाही. पुढची टाकी ९५ ची, तोच रस्ता, शक्यतो तीच वेळ, कारण सकाळी सातची हवा आणि दुपारी दोनची हवा यात फरक पडतो. मग दोन्ही लॉग शेजारी ठेवा.

दोन्हीकडे रिटार्ड शून्य ते दोनतीन डिग्री इतकाच दिसला तर गाडीला साधं पुरतंय, ९५ चे पैसे वाचवा. साध्यावर एखाद्या सिलिंडरला पाचसहा डिग्री किंवा जास्त, आणि प्रत्येक वेळी, आणि ९५ वर ते खाली आलं, तर उत्तर मिळालं. ९५ वरही तसाच राहिला तर मग पेट्रोलला दोष देण्याआधी स्पार्क प्लग, इंटरकूलरचा पाइप, कार्बन वगैरे बघून घ्या, कारण १०० ऑक्टेन टाकून बिघाड झाकला जातो, दुरुस्त होत नाही. हे "पिकअप वाढल्यासारखा वाटतो" यापेक्षा शंभरपट खरं आहे, कारण टाकी भरून नुकतेच पाच हजार दिलेले असले की पिकअप वाढल्यासारखा वाटतोच.

पैशाचं गणित पण करून टाकू. २०२५ च्या भावाने मुंबईत साधं १०३ रुपये ५० पैशांच्या आसपास, ९५ वालं साधारण आठेक रुपयांनी वर, १०० वालं १६० धरा. गाडी साध्यावर १२ देत असेल तर ९५ चे पैसे नुसत्या ॲव्हरेजमधून वसूल व्हायला तिने १२.९ द्यायला पाहिजे, आणि १०० चे वसूल व्हायला साडेअठरा. साडेअठरा! ते होणं नाही. तेव्हा ॲव्हरेजसाठी हाय ऑक्टेन हा सौदा तोट्याचाच आहे, घ्यायचं तर इंजिनच्या तब्येतीसाठी आणि ताकदीसाठी घ्यायचं. महिना ८०० किलोमीटर चालवणाऱ्याला ९५ चा जादा भुर्दंड साडेपाचशेच्या आत, १०० चा पावणेचार हजाराच्या घरात. पहिला परवडतो, दुसरा आपापल्या ऐपतीप्रमाणे.

मिसळायचं कसं हे बरेच जण विचारतात, तर आकडे साधारण सरासरीने चालतात. टाकीत १५ लिटर ९५ शिल्लक आहे त्यात १५ लिटर १०० टाकलं की जवळपास साडेसत्याण्णव. अगदी दशांशापर्यंत बरोबर येईल असं नाही पण कामापुरतं येतं. म्हणजे ९८ मागणाऱ्या गाडीला पूर्ण टाकी १०० ने भरायची गरजच नाही.

गोव्याला जाताना मात्र आधी प्लॅन करा. पुणे सोडलं की १०० मिळेलच असं धरून चालू नका, ९५ मोठ्या शहरांत आणि हायवेवर मिळतं पण आंबोली किंवा चोर्ल्याच्या बाजूला आत शिरलात की जे असेल ते. म्हणून कोल्हापूर-बेळगावला टाकी फुल्ल करून घ्या, अर्धी असली तरी. आणि समजा अडलंच, ९५ मागणारी गाडी आणि समोर फक्त साधं, तर घाबरू नका, गरजेपुरतं दहा लिटर टाका आणि पुढचा पंप गाठेपर्यंत गाडी कमी आरपीएमवर रेटू नका. चढावर एक गिअर खाली घ्या, इंजिन तीन हजारावर फिरू द्या, पाय अर्ध्यावर. लोकांना वाटतं जास्त आरपीएम म्हणजे इंजिनवर ताण, पण या बाबतीत खालच्या आरपीएमला फुल्ल रेस हाच खरा ताण आहे.

पंपावर झिरो बघणं तर सगळे करतातच, त्यासोबत प्रॉडक्टचं नावही मशीनवर बघा आणि बिलावर पण, कारण "पॉवर टाकतो" म्हणून साधं आणि "साधं" म्हटल्यावर महाग, दोन्ही प्रकार होतात. बिल घ्याच. शंका आली तर डेन्सिटी मोजून दाखवा म्हणायचा तुम्हाला हक्क आहे, त्यासाठीचं हायड्रोमीटर आणि भेसळ तपासायचा फिल्टर पेपर पंपावर असावाच लागतो, आणि रजिस्टरमधल्या डेन्सिटीच्या आकड्यापेक्षा ३ (किलो प्रति घनमीटर) पेक्षा जास्त फरक नसावा. १०० वाल्याच्या बाबतीत अजून एक, जिथे ते खपतं तिथेच भरा, महिन्यात दोन गिऱ्हाईकं येणाऱ्या पंपावर तेच पेट्रोल किती दिवस टाकीत पडून आहे कोणास ठाऊक.

वीकेंडलाच बाहेर निघणारी गाडी असेल तर पावसाळ्याचा विचार वेगळा करावा लागतो. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि पाणी जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून खाली बसतं, नेमकं जिथून पंप पेट्रोल उचलतो तिथे. जून ते सप्टेंबर गाडी कव्हरखाली राहणार असेल तर टाकी अर्धी ठेवू नका, फुल्ल करा म्हणजे आत हवेला जागाच राहणार नाही. झाकणावर ई५ किंवा ई१० लिहिलेली जुनी इम्पोर्टेड गाडी असेल तर बिनाइथेनॉलचं पेट्रोल शोधा, १०० वाल्यांपैकी काही तसं असतं, पण सगळंच असेल असं धरून चालू नका, त्या पंपावर विचारूनच भरा. अशा गाडीला १०० टाकण्याचं कारण ऑक्टेन नसून रबराचे पाइप आणि सील हे आहे, आणि ते कारण मला तरी पूर्ण पटतं.

राहता राहिल्या ऑक्टेन बूस्टरच्या बाटल्या. डब्यावर "५ पॉइंट वाढवतो" लिहिलेलं असतं ना, त्यातला एक पॉइंट म्हणजे बऱ्याचदा ०.१ ऑक्टेन, म्हणजे ९१ चं ९१.५ झालं आणि तुमचे हजार रुपये गेले. काहींमध्ये मँगनीज असतं, प्लगवर तांबूस थर धरतो. त्या पैशात साध्याऐवजी ९५ टाकायचा तीनएक टाक्यांचा जादा खर्च निघतो. आणि कोणी विमानाचं पेट्रोल मिळवून देतो म्हणाला तर हात जोडा, त्या १०० एलएल पेट्रोलमध्ये शिसं असतं, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर साफ करणारा भाग) आणि ऑक्सिजन सेन्सर दोन्ही खातं, आणि त्या दोघांच्या बिलात तुमचं कित्येक वर्षांचं ९५ बसेल.